बंड्याची खाज आणि आमचं पॅचवर्क

तर मंडळी, या वीकेंडचा विषय आहे खाज. हसू नका, विषय गंभीर आहे. आणि खाज माझी नाही, बंड्याची. बंड्या म्हणजे आमचा लॅब्रॅडॉर. वय साडेतीन, वजन चौतीस किलो, रंग साजूक तुपासारखा आणि बुद्धी... असो. जे बरेच दिवस इथे येताहेत त्यांना तो माहीत आहेच. नवीन वाचकांना एवढंच सांगतो की आमच्या घरात सगळ्यात कमी पगारावर सगळ्यात जास्त रुबाबात राहणारा मेंबर तो.

२०२३ च्या जुलैमधली गोष्ट. मी तेव्हा सपोर्टच्या शिफ्टला होतो, म्हणजे रात्री अडीचला जागा. बाहेर पाऊस, घरात सामसूम, आणि हॉलमधून आवाज: खट् खट् खट् खट्. कुत्रा मागच्या पायाने कान खाजवतो तेव्हा पाय फरशीवर आपटतो, त्याचा हा आवाज. ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांना तो झोपेतही ओळखू येतो. मी हेडफोन बाजूला करून ओरडलो, "बंड्या, गप!" तो बिचारा गप्प बसला. दोन मिनिटांनी पुन्हा खट् खट्.

पुढचे सात महिने मी त्याला "गप" म्हणत राहिलो. आज हा लेख लिहितोय तो त्या सात महिन्यांबद्दल.

आता बघा, मी पोटापाण्यासाठी काय करतो? सर्व्हरवर लाल दिवा लागला की तो का लागला ते शोधतो. अलर्ट त्रास देतोय म्हणून तो म्यूट करून टाकणाऱ्या ज्युनिअरला मी स्वतः मीटिंगमध्ये झापलेलं आहे. आणि घरी मी नेमकं तेच करत होतो. कुत्रा खाजवतो म्हणजे काहीतरी बिघडलंय एवढंच तो सांगत असतो. काय बिघडलंय ते शोधायचं काम आपलं. पण माझं म्हणणं काय होतं? "कुत्रे खाजवतातच." घरातल्या सगळ्यांचं तेच म्हणणं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्या ओळखीच्या दहातल्या नऊ कुत्रेवाल्यांचं अजूनही तेच आहे. या म्हणण्याशीच माझं भांडण आहे.

पहिला पॅच आम्ही लावला तो मलमाचा. बंड्याच्या पोटावर आणि काखेत लाल चट्टे आले. आई म्हणाली, "अरे, तुझ्या बाबांना नायटा झाला होता तेव्हा आणलेली ट्यूब आहे बघ कपाटात." ट्यूब लावली. दोन दिवसांत लाली गायब! घरात आनंदीआनंद. पंधरा दिवसांनी चट्टे परत, थोडे मोठे. पुन्हा ट्यूब. ती संपल्यावर मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नवीन आणली. कुणी चिठ्ठी मागितली नाही, मीही दाखवली नाही.

त्या ट्यूबवर काय लिहिलंय हे मी सात महिन्यांनी वाचलं. बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि क्लोबेटासॉल, म्हणजे तगडं स्टेरॉइड, तिन्ही एकात. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज झटकन बसते, म्हणून वाटतं गुण आला. पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही बसते, आणि आतलं इन्फेक्शन मजेत वाढत राहतं. माणसांच्या बाबतीत या प्रकाराने आपल्याकडे इतका गोंधळ घातला की केंद्र सरकारला २०१८ मध्ये चौदा स्टेरॉइड मलमं 'शेड्यूल एच' मध्ये टाकावी लागली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. नायटा आपल्याकडे औषधांना दाद देईनासा झालाय, त्यामागे या मलमांचा मोठा हात मानतात. त्या हट्टी बुरशीच्या एका जातीला २०२० मध्ये जे नाव दिलं गेलं त्यातच 'इंडोटिनी' असा आपला उल्लेख आहे. जगाला शून्य दिलं, आता हे. असो.

कुत्र्याच्या बाबतीत त्यात दोन गोष्टींची भर पडते. एक म्हणजे त्याची कातडी आपल्यापेक्षा बरीच पातळ असते. आपण समजतो उलट, कारण वर एवढे केस. दुसरी म्हणजे तो मलम चाटतो. जे आपण त्वचेवर लावलं असं समजतो ते अर्धं पोटात जातं.

दुसरा पॅच शाम्पूचा. अंगाला आंबलेल्या पिठासारखा वास यायला लागला, म्हणून मी दर तीन दिवसांनी आंघोळ घालायला लागलो. शाम्पू कुठला? माझाच. कोंड्यावरचा, महागातला, कारण बंड्याला आपण कमी करत नाही! माणसाची त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि कुत्र्याची उदासीनाच्या जवळपास. आपला शाम्पू आपल्या हिशेबाने बनवलेला असतो. त्याने कुत्र्याची त्वचा कोरडी पडते, वरचा तेलकट थर जातो, आणि तो थर गेला की धूळ-परागकण-जिवाणू सगळ्यांना दार उघडं. त्यात जुलै-ऑगस्टचे दिवस. आंघोळीनंतर मी त्याला टॉवेलने वरवर पुसून गॅलरीत सोडायचो, 'वाळेल आपोआप' म्हणून. पुण्यातल्या पावसाळ्यात माझी जीन्स तीन दिवसांत वाळत नाही. दुहेरी केसांचा लॅब्रॅडॉर काय वाळणार? बोटांच्या बेचक्यात, कानाच्या आत, शेपटीखाली सतत ओल, आणि बुरशीला याहून जास्त काही लागत नाही.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो. त्या दिवसांत बंड्याच्या पंजांवरचे केस तांबूस झाले होते. आम्हाला वाटलं काय गोड दिसतंय, मेंदी काढल्यासारखं. मी फोटो काढून 'बंड्याची मेहंदी सेरेमनी' असं लिहून इन्स्टाग्रामवर टाकला. भरपूर लाइक्स आले. कुत्र्याच्या लाळेत एक रंगद्रव्य असतं, सतत चाटलेल्या फिकट केसांवर त्याचा तांबडा डाग पडतो. म्हणजे माझा कुत्रा खाजेने हैराण होऊन रात्र रात्र पंजे चाटत होता आणि मी त्यावर हसरे चेहरे गोळा करत होतो. तो फोटो मी नंतर काढून टाकला.

सप्टेंबरात गणपतीला आम्ही गावी गेलो, सांगलीकडे. बंड्याला सहा दिवस बोर्डिंगमध्ये ठेवलं. परत आलो, कुलूप उघडलं, आणि तासाभरात माझ्या घोट्यांवर बारीक बारीक चावे. बाबा म्हणाले डास. मी डास मारायचं मशीन लावलं. (इंजिनिअर ना शेवटी.)

आता या चाव्यांची गोष्ट नीट सांगतो, कारण अख्ख्या प्रकरणातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ती आहे. पिसू. आपल्याला वाटतं पिसवा कुत्र्याच्या अंगावर राहतात. मोठ्या झालेल्या राहतात, पण त्या सगळ्या गोतावळ्यात साधारण पाच टक्केच. बाकीच्या पंचाण्णव टक्के म्हणजे अंडी, अळ्या आणि कोश, ते तुमच्या घरात असतात. सोफ्याच्या फटीत, पायपुसण्यात, बंड्याच्या गादीत. अंडी गुळगुळीत असतात, कुत्रा जिथे अंग झटकेल तिथे सांडतात. अळी उजेडापासून पळून फटीत जाते आणि कोश विणते. आणि त्या कोशातली पिसू महिनोन् महिने वाट बघत बसू शकते! तिला हवी असते ऊब, पावलांची कंपनं आणि आपल्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड. सहा दिवस बंद असलेल्या घरात कुणीतरी चालत आलं की झाला इव्हेंट ट्रिगर, सगळ्या एकदम बाहेर. असं सुंदर इव्हेंट-ड्रिव्हन डिझाइन मी आमच्या कंपनीत अजून पाहिलेलं नाही :-)

म्हणून कुत्र्याला पावडर लावून पिसवा जात नाहीत. त्याच वेळी घर झाडावं लागतं, गादीचे अभ्रे गरम पाण्यात धुवावे लागतात, आणि औषध निदान तीन-चार महिने न चुकता चालू ठेवावं लागतं, कारण कोशातल्या मंडळींवर कशाचाच फारसा परिणाम होत नाही. त्या बाहेर येण्याची वाट बघावी लागते. आम्ही काय करायचो? गोचीड दिसली की औषध, तेही फक्त पावसाळ्यात. पिसू कधी दिसलीच नाही, म्हणून नाहीच असं समजून चाललो. युरोपातल्या कडाक्याच्या थंडीत कदाचित चालत असेल, पण पुण्यात बाराही महिने पिसवांना मस्त हवामान आहे. आपणही म्हणूनच इथे राहतो ना?

तर, फेब्रुवारी २०२४. तोपर्यंत बंड्याच्या शेपटीच्या मुळाशी केस गेलेले, पोट काळपट पडलेलं, कान सुजलेला. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की अमुक मजल्यावरच्या कुत्र्याला खरूज आहे, त्याला लिफ्टमधून नेऊ नये, मुलं असतात. नाव घेतलं नव्हतं, पण त्या मजल्यावर कुत्रा एकच. आणि त्याच रात्री जेवताना आई हळूच म्हणाली, "अरे, मामाच्या शेतावर पाठवू या का त्याला? तिथे मोकळा राहील. इथे आपल्याला जमत नाहीये बघ."

आई वाईट नाही हो. बंड्यासाठी पहाटे उठून भात लावणारी तीच. पण ती थकली होती, सगळे थकले होते, आणि शेतावर पाठवणं म्हणजे काय हे टेबलावरच्या तिघांनाही माहीत होतं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ही नुसती खाजेची गोष्ट राहिलेली नाही. रस्त्यावर कधी केस गेलेला, गळ्यात पट्टा असलेला लॅब्रॅडॉर किंवा हस्की बघितलाय? मी बघितलाय, हायवेच्या कडेला. त्याच्याही घरात कुणीतरी "आपल्याला जमत नाहीये" असं म्हणालं असेल.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि त्वचेचं खास काम बघणाऱ्या एका डॉक्टर मॅडमकडे गेलो. आधीच्या डॉक्टरांकडे जाऊन मी दोनदा "ते एक इंजेक्शन द्या ना, खाज थांबते ते" असं मागून घेतलं होतं, आणि त्यांनी दिलं होतं. दोष त्यांना काय द्यायचा? गिऱ्हाईक मी, घाईत मी.

मॅडमनी आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. खाज कधी सुरू झाली, वय काय होतं, अंगाच्या कुठल्या भागात, बाराही महिने की ठरावीक ऋतूत, खाणं काय, आणखी कुणाला चावे येतात का. मग बारीक दातांची फणी घेतली, शेपटीच्या मुळाशी फिरवली, निघालेला काळा भुगा ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाकला. मी म्हणालो, "माती असेल मॅडम, आमच्याकडे पिसवा नाहीत." त्या काही बोलल्या नाहीत. मिनिटाभरात टिश्यूवर तांबडे ओघळ उमटले. पिसवांची विष्ठा म्हणजे पचलेलं रक्तच, पाणी लागलं की रंग सोडतं. घरी करून बघण्यासारखी टेस्ट आहे, खर्च शून्य.

"किती पिसवा आहेत हा प्रश्नच नाही," त्या म्हणाल्या. "पिसूच्या लाळेची अ‍ॅलर्जी असली की दोन-चार चावेसुद्धा पुरतात. तुम्हाला दिसत नाहीत, कारण तो चाटून, चावून त्या काढून टाकतो."

मग पोटाला सेलोटेप चिकटवून ती मायक्रोस्कोपखाली बघितली. यीस्ट, ढिगाने. तो आंबलेला वास त्याचाच. खरजेचे किडे आहेत का तेही त्वचा खरवडून बघितलं, नव्हते. ग्रुपवर हे कळवावं असं फार मनात आलं होतं, पण बाबा म्हणाले जाऊ दे. आणि पोटाची पातळ झालेली, बारीक काळे ठिपके आलेली कातडी बघून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मलम किती दिवस लावताय?" त्या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं ते खोटं होतं. मग गाडीत बसल्यावर परत वर जाऊन खरं सांगून आलो.

पुढचं सगळं सविस्तर सांगत नाही, पण मुद्दा क्रमाचा आहे. आधी पिसवा आणि गोचीड पूर्ण बंद. मग इन्फेक्शन साफ, औषधी शाम्पूने आठवड्यातून दोनदा. आणि तो शाम्पू लावून दहा मिनिटं अंगावर ठेवायचा! दहा मिनिटं! तुम्ही कधी चौतीस किलोच्या, साबण लावलेल्या लॅब्रॅडॉरला दहा मिनिटं बाथरूममध्ये उभं केलंय? हे सगळं झाल्यावरही खाज उरली तर खाण्याकडे वळायचं, आणि तेही निस्तरल्यावर उरेल ते वातावरणातल्या अ‍ॅलर्जीचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. डीबगिंगचा पहिला धडा, आणि तो मला कुत्र्याच्या डॉक्टरने शिकवावा!

खाण्याबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण इथे सगळ्यात जास्त फसवणूक चालते. मीही फसलो. मधल्या काळात मी कुठेतरी वाचलं की धान्यामुळे अ‍ॅलर्जी होते, आणि दामदुप्पट किमतीचं बिनधान्याचं खाद्य आणलं. पुढच्या महिन्यात वाचलं चिकन वाईट, चिकन बंद. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी काही. २०१६ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला, त्यात खाद्याची अ‍ॅलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांची माहिती एकत्र केली होती. सगळ्यात वर गोमांस ३४ टक्के, मग दूधदुभतं १७, चिकन १५ आणि गहू १३. म्हणजे धान्य एकटं गुन्हेगार नाही, आणि 'चिकनमुळेच' हेही सरसकट खरं नाही. आपल्याकडे गोमांसाचा प्रश्न बहुतेक घरांत येत नाही, पण दूध, दही, पोळी, बिस्कीट? ते तर आपण प्रेमाने रोज घालतो आणि त्याला खाणं म्हणून मोजतही नाही. शिवाय बिनधान्याच्या खाद्याचा आणि कुत्र्यांच्या एका हृदयविकाराचा संबंध आहे का याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये सुरू केली होती. थेट कारण म्हणून काही सिद्ध झालं नाही, पण 'महाग म्हणजे चांगलं' एवढ्याच आधारावर आणलेल्या माझ्या पिशवीबद्दल मला जरा विचार करायला लागला.

रक्ताच्या किंवा लाळेच्या टेस्टने खाण्याची अ‍ॅलर्जी खात्रीने कळत नाही. जाहिराती काहीही म्हणोत. खात्रीचा मार्ग एकच, कंटाळवाणा: निदान आठ आठवडे कुत्र्याने आधी कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन द्यायचं, किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं खास खाद्य, आणि बाकी काही म्हणजे काही नाही. आणि खाज थांबली तरी जुनं खाणं परत देऊन ती येते का बघायचं, तेव्हा कुठे निदान. आम्ही मासे आणि रताळं यावर गेलो. आई आठ आठवडे रोज रताळी उकडत होती. पाचव्या आठवड्यात मला सोफ्यामागे ग्लुकोज बिस्किटाचा चुरा सापडला. चौकशी समिती बसली. बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता कबूल केलं, "अरे, सकाळी चहाच्या वेळी माझ्याकडे बघतो तो. अर्धंच देतो." आई त्यांना जे बोलली ते इथे लिहीत नाही. मोजणी पुन्हा एकपासून.

निकाल? खाण्याचा काही संबंध नव्हता. तेरा आठवड्यांची मेहनत आणि उत्तर 'नाही'. पण मला तो निकाल फार मोलाचा वाटतो. आता चिकन परत सुरू आहे आणि मी त्या विषयावर काहीही वाचत नाही. उरली ती वातावरणातली अ‍ॅलर्जी, अटॉपी. ती साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते, पंजे-कान-काखा-पोट धरते, लॅब्रॅडॉरमध्ये बऱ्यापैकी आढळते, आणि घरातल्या धुळीतले बारीक किडे हे तिचं एक मोठं कारण. ती बरी होत नाही. आटोक्यात राहते.

आता बाबांचा मुद्दा. बाबा म्हणतात, "आमच्या गावातल्या कुत्र्यांना कुठे होती रे अ‍ॅलर्जी? उकिरड्यावर जगायची आणि ठणठणीत असायची." हा युक्तिवाद प्रत्येक घरात कुणीतरी करतंच. माझं उत्तर असं की गावातल्या ज्या कुत्र्यांना लूत लागली, गोचिडीच्या तापाने जी मेली, ती बाबांच्या आठवणीत नाहीत, कारण त्यांना कुणी मोजलंच नाही. उरलेल्यांना आपण ठणठणीत म्हणतो. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर बाबा पूर्ण चूक नाहीत. फिनलंडमध्ये २०१८ साली कुत्रे आणि त्यांचे मालक यांचा एकत्र अभ्यास झाला. शहरी वातावरणात दोघांनाही अ‍ॅलर्जी असण्याचं प्रमाण जास्त, ग्रामीण भागात कमी, असं त्यात दिसलं. बंद काचा, फरशा, एसी, मातीशी संबंध नाही. आपल्याला जे सोसत नाही ते त्यांनाही सोसत नाही. मला स्वतःला ऑक्टोबर आला की शिंका येतात. त्यावर मी रोज गोळी घेतो, आणि बंड्याला "गप" म्हणतो.

आणि गावाकडचं कुत्रं गावात तयार झालेलं असतं. बंड्या तसा नाही. बंड्या मी विकत आणला, एका ब्रीडरकडून, जेमतेम चाळीस दिवसांचा असताना, त्याचे आईबाप न बघता. २०१७ च्या कुत्र्यांच्या पैदाशीच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचंच नसतं, आणि ब्रीडरची राज्याच्या मंडळाकडे नोंदणी लागते. मी काही विचारलं नाही. पिल्लू गोड होतं, मी पैसे दिले. त्याच्या आईला खाज होती का, बापाचे कान खराब होते का, एवढे दोन प्रश्न विचारले असते तर? माझ्या मते त्वचेच्या त्रासाचा सगळ्यात मोठा प्रतिबंध पिल्लू घरी येण्याआधी होतो, आणि तिथेच आपण सगळ्यात कमी डोकं वापरतो. पगच्या चेहऱ्यावरच्या घड्या आपल्याला गोंडस वाटतात, पण त्यात ओल साठते. पुण्याच्या एप्रिलमध्ये हस्की आणायचा आणि मग त्याला उकडतं म्हणून त्याचे केस भादरून टाकायचे, म्हणजे ऊन थेट कातडीवर. कौतुक आपलं, खाज त्याची. ऑफिसमधले दोघेतिघे सध्या पिल्लू शोधताहेत, त्यांना हे बोललो तर "तू फार निगेटिव्ह आहेस" असं ऐकावं लागलं. असू दे.

'नैसर्गिक' उपायांबद्दल एक परिच्छेद लिहितोच, कारण ईमेल येणार आहेत. टी ट्री ऑइल कुत्र्या-मांजरांना विषारी ठरू शकतं. लसूण खायला घातला की गोचीड येत नाही असा फॉरवर्ड फिरतो. लसूण आणि कांदा दोन्ही त्यांच्या रक्तपेशी फोडतात. रॉकेल चोळणारे लोक अजून आहेत, त्यांना काय सांगणार? आणि मांजरवाल्यांनो, हे नीट वाचा: कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांमध्ये परमेथ्रिन असतं. कुत्र्याला चालतं, मांजर त्याने मरू शकतं. मांजराचं यकृत ते मोडूच शकत नाही. आमच्या टीममधल्या एकीने 'उरलेले अर्धे थेंब' मांजराला लावले होते. वेळेत दवाखान्यात पोचली म्हणून वाचलं. 'डॉक्टरांना विचारून' हे तीन महिने ऐकून मलाही कंटाळा आला होता, पण त्याला कारणं आहेत. कॉली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये एक जनुकीय दोष असतो, त्यांना आयव्हरमेक्टिनचा मोठा डोस घातक ठरतो. गोचिडीच्या नव्या गोळ्या उत्तम आहेत, बंड्यालाही तीच आहे, पण ज्या कुत्र्याला कधी झटके आलेत त्याच्याबद्दल आधी सांगावं लागतं. एफडीएने २०१८ मध्ये तसा इशारा दिलेला आहे.

लोक विचारतात, एवढा वेळ कुठून आणायचा? मी हिशेब केला. रोज फिरून आल्यावर पंजे ओल्या फडक्याने पुसून बेचक्या कोरड्या करणं, चार मिनिटं. फणी आणि कान बघणं, आठवड्यातून दहा मिनिटं. गादीचे अभ्रे रविवारी मशीनमध्ये. महिन्याची गोळी, त्याचा फोनमध्ये रिमाइंडर. तिचा खर्च दोघांच्या पिझ्झाएवढा. पावसाळ्यात आंघोळीनंतर ड्रायर, थंड हवेवर. यातलं काहीही अवघड नाही, सगळं कंटाळवाणं आहे. आपण अवघड गोष्टी हौसेने करतो, रविवारी पहाटे उठून सिंहगड चढतो आणि त्याचे फोटो टाकतो. बेचक्या पुसल्याचा फोटो कोण टाकणार?

बंड्याला अजूनही वर्षातून दोनदा त्रास होतो, पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या आसपास. तेव्हा काही दिवस औषध घ्यावं लागतं, आणि ते घेताना मला अपयश वगैरे वाटत नाही. पण पोटावर केस आलेत, पंजे परत तुपासारखे झालेत. लिफ्टमध्ये शेजारची लहान मुलगी परवा त्याचे कान ओढत होती आणि तिच्या आईने काही म्हटलं नाही. मामाच्या शेताचा विषय आमच्या घरात परत निघालेला नाही. सोफ्यामागे बिस्किटाचा चुरा मात्र परत सापडायला लागलाय, आता त्याला परवानगी आहे.

हे सगळं मी बाथरूमच्या दाराबाहेर स्टुलावर बसून लिहितोय. आज शनिवार, आंघोळीचा दिवस. आत आई साबण लावलेल्या बंड्याला धरून उभी आहे, आणि तिची हाक आलीय: "अरे, झाली की दहा मिनिटं! ये लवकर, हा आता अंग झटकणार बघ..."

झटकलं. आलोच.